निर्वासित, स्थलांतरित आणि चर्च : गोंदियाच्या विहारांनी यातून काय घ्यावे?

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेला अर्जुनी मोरगाव तालुका आहे. नवेगाव बांध, इटियाडोह धरण आणि प्रतापगडचा डोंगर ही या तालुक्याची ओळख. याच परिसरात निर्वासित म्हणून आलेले दोन समाज कित्येक दशकांपासून राहत आहेत. गोठणगाव-प्रतापगडजवळ नोर्गेलिंग ही तिबेटी वसाहत आहे. ती १९७२ मध्ये वसली. तिथली माणसे आपल्यासारखीच बौद्ध आहेत. त्याच तालुक्यात अरुणनगर, गौरनगर अशी बंगाली गावे आहेत. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांना सरकारने तिथे वसवले. या निर्वासितांमध्ये नमशूद्र समाजाची कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. १९४६ मध्ये बाबासाहेब बंगालमधून संविधान सभेवर निवडून गेले, त्यामागे जोगेंद्रनाथ मंडल आणि याच नमशूद्र समाजाची ताकद उभी होती.

एक शेजारी धम्माच्या नात्याचा आणि दुसरा चळवळीच्या नात्याचा. तरीही आपल्या जयंतीच्या मिरवणुकीत, वर्षावासाच्या प्रवचनमालेत किंवा धम्म परिषदेच्या मांडवात हे दोन्ही शेजारी क्वचितच दिसतात. थंडीत स्वेटर विकणारे तिबेटी आणि ‘बांगलादेशी’ म्हणून हिणवले जाणारे बंगाली, एवढीच त्यांची ओळख आपल्यापैकी अनेकांच्या मनात आहे.

परक्या माणसाला गावात सामावून घेण्याचे काम स्थानिक धार्मिक संस्था कसे करू शकतात, याचा मोठा अनुभव जगभरातल्या ख्रिस्ती चर्चपाशी आहे. तो अनुभव काय आहे, भारतात आणि महाराष्ट्रात तो कसा दिसला, त्यावर कोणते आक्षेप आहेत आणि आपल्या विहारांना त्यातून काय घेता येईल, याची माहिती आम्ही या लेखात एकत्र देत आहोत.

आधी शब्द समजून घेऊ

निर्वासित : धर्म, वंश, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट समाजगट यांमुळे छळ होण्याच्या रास्त भीतीने देश सोडून आलेला माणूस. ही व्याख्या संयुक्त राष्ट्रांच्या १९५१ च्या निर्वासित करारातली आहे. भारताने या करारावर आणि १९६७ च्या पूरक करारावर सही केलेली नाही. त्यामुळे आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. तिबेटी, श्रीलंकन तमिळ, चकमा, चिन यांच्याबाबत सरकारने वेळोवेळी वेगवेगळे निर्णय घेतले.

आश्रयार्थी : ज्याने आश्रय मागितला आहे, पण ज्याचा निर्णय अजून झालेला नाही असा माणूस.

देशांतर्गत विस्थापित : युद्ध, दंगल किंवा हिंसाचारामुळे घर सोडावे लागले, पण देशाची सीमा ओलांडली नाही असा माणूस.

स्थलांतरित : कामासाठी किंवा शिक्षणासाठी दुसऱ्या ठिकाणी गेलेला माणूस. धान निघाल्यावर मिरची तोडणीसाठी तेलंगणात जाणारी आपल्या भागातली कुटुंबे याच गटात येतात.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटी ३२ लाख लोक बळजबरीने घराबाहेर पडलेले होते. महाराष्ट्राची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ११ कोटी २४ लाख होती. त्यावरून या आकड्याचा अंदाज येईल.

चर्च हे काम कोणत्या पद्धतीने करते

ख्रिस्ती परंपरेत परक्याला घरात घेणे हे ईश्वराचीच सेवा करण्यासारखे मानले जाते. येशूचे आईवडील त्याला बालपणी घेऊन इजिप्तला पळाले, ही कथा त्यांच्या धर्मग्रंथात आहे. म्हणजे त्यांच्या श्रद्धेच्या केंद्रस्थानीच एक निर्वासित कुटुंब आहे. पण श्रद्धा सगळ्याच धर्मांत असते. चर्चचे बळ तिच्या स्थानिक रचनेत आहे. प्रत्येक भागात एक मंडळी असते, ती दर रविवारी जमते, तिच्याकडे सभागृह असते, वर्गणीची शिस्त असते आणि कोण कोणते काम करणार हे ठरलेले असते. या रचनेतून मदतीचे चार प्रकार पुढे आले.

१. कुटुंबाचे पालकत्व. कॅनडाने १९७८ पासून एक व्यवस्था लागू केली. नागरिकांचा गट किंवा एखादी संस्था निर्वासित कुटुंबाची साधारण एक वर्षाची जबाबदारी घेऊ शकते. घरभाडे, किराणा, मुलांची शाळा, भाषा, नोकरीचा शोध हे सगळे त्या गटाने पाहायचे. मार्च १९७९ मध्ये सरकारशी असा पहिला करार मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या मदतसंस्थेने केला. पाठोपाठ इतर चर्च पुढे आली. १९७९-८० या दोन वर्षांत व्हिएतनाम, लाओस, कंबोडियातून सुमारे ६० हजार निर्वासित कॅनडात आले. त्यांतले निम्म्याहून अधिक लोक अशा खासगी पालकत्वाखाली आले होते. यांत बौद्ध कुटुंबेही होती. १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे नानसेन पदक कॅनडाच्या जनतेला देण्यात आले.

२. चर्चच्या आवारात आश्रय. एल साल्वादोर आणि ग्वाटेमाला येथील यादवीतून पळालेल्या लोकांना अमेरिका परत पाठवत होती. तेव्हा २४ मार्च १९८२ रोजी ॲरिझोना राज्यातील टुसॉन शहरातल्या साउथसाइड प्रेसबिटेरियन चर्चने ‘आम्ही यांना आश्रय देणार’ असे उघड जाहीर केले. पुढे शेकडो चर्च आणि काही ज्यू प्रार्थनास्थळे त्यात आली. सरकारने कार्यकर्त्यांवर खटले भरले. १९८६ मध्ये पाद्री जॉन फाइफ यांच्यासह आठ जण दोषी ठरले. म्हणजे हे काम करणाऱ्यांनी त्याची किंमतही मोजली. नेदरलँड्समधील हेग शहरातले बेथेल चर्च तर एका आर्मेनियन कुटुंबासाठी ऑक्टोबर २०१८ ते जानेवारी २०१९ असे ९६ दिवस अखंड प्रार्थना करत राहिले. प्रार्थना चालू असताना पोलीस आत येऊ शकत नाहीत, असा तिथला कायदा आहे. शेकडो धर्मगुरूंनी पाळीपाळीने ती प्रार्थना चालवली. अखेर सरकारला धोरण बदलावे लागले.

३. सुरक्षित वाट. भूमध्य समुद्रात बोटी बुडून माणसे मरत होती. डिसेंबर २०१५ मध्ये संत एजिदिओ हा कॅथलिक समुदाय आणि इटलीतील प्रोटेस्टंट चर्च यांनी मिळून सरकारशी करार केला. लेबनॉनमधील आजारी, लहान मुले असलेली, एकट्या बायांची अशी गरजू कुटुंबे निवडायची, रीतसर व्हिसा मिळवायचा आणि विमानाने आणायचे. खर्च चर्चचा. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला पोप फ्रान्सिस यांनी युरोपातल्या प्रत्येक स्थानिक चर्चने एका निर्वासित कुटुंबाला घ्यावे, असे आवाहन केले होते.

४. रोजचे काम. याची बातमी होत नाही, पण सगळ्यात जास्त मदत इथेच होते. संध्याकाळचा भाषावर्ग, सरकारी अर्ज भरून देणे, दवाखान्यात सोबत जाणे, मुलांची शाळेत भरती, वापरण्याजोगे कपडे आणि भांडी, वकिलाची भेट घालून देणे. यासाठी लागणारी माणसे बहुतेक निवृत्त शिक्षक, परिचारिका, गृहिणी आणि कॉलेजची मुले असतात.

या चारही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. ‘निर्वासितांची समस्या’ सोडवायला कोणी निघाले नाही. एका मंडळीने एका कुटुंबाची जबाबदारी घेतली आणि ठरलेल्या काळापर्यंत ती पार पाडली.

भारतातील उदाहरणे

भारतात हे काम फाळणीपासून दिसते. १९४७ मध्ये निर्वासितांचे लोंढे आले, तेव्हा प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चनी मदतकार्य सुरू केले. त्यातूनच आजची ‘कासा’ म्हणजे चर्चेस ऑक्झिलरी फॉर सोशल ॲक्शन ही संस्था उभी राहिली. कॅथलिक चर्चची कारितास इंडिया १९६२ मध्ये स्थापन झाली. १९५९ मध्ये दलाई लामांच्या मागोमाग तिबेटी लोक भारतात आले. त्यांच्यासाठी आचार्य कृपलानी यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय मदत समिती होती. या मदतकार्यात परदेशी संस्थांबरोबर ख्रिस्ती मदतसंस्थाही होत्या. बौद्ध निर्वासितांना ख्रिस्ती लोकांनी धान्य, कपडे आणि औषधे पुरवली, ही गोष्ट आपण लक्षात ठेवली पाहिजे.

१९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. तेव्हा कासा, कारितास आणि मदर तेरेसांच्या भगिनी बंगालच्या छावण्यांत काम करत होत्या. लुथेरन चर्चने कूचबिहारला निर्वासितांसाठी सेवाकार्य उभारले. निर्वासित परत गेल्यावरही ते बंद झाले नाही. स्थानिक गरिबांसाठी त्याचे रूपांतर लुथेरन वर्ल्ड सर्व्हिस इंडिया या संस्थेत झाले.

तमिळनाडूत श्रीलंकन तमिळ निर्वासितांच्या छावण्यांमध्ये जेसुइट धर्मगुरूंची जेसुइट रेफ्युजी सर्व्हिस ही संस्था काम करते. फादर पेद्रो अरुपे यांनी ती १९८० मध्ये सुरू केली. छावणीतल्या मुलांचे संध्याकाळचे वर्ग आणि तरुणांचे पुढचे शिक्षण यांवर तिचा भर आहे. छावणीतले बहुसंख्य लोक हिंदू आहेत.

ताजे उदाहरण मिझोरामचे आहे. १ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि चिन लोक सीमा ओलांडून आले. केंद्राने त्यांना रोखायला सांगितले. मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून आपण यांच्याकडे पाठ फिरवू शकत नाही, अशी भूमिका घेतली. निर्वासितांची संख्या ३० हजारांवर गेली. त्यांच्या जेवणाची आणि निवाऱ्याची जबाबदारी गावागावांतील चर्च, यंग मिझो असोसिएशन आणि सामान्य कुटुंबांनी उचलली.

महाराष्ट्र आणि आपला प्रदेश

महाराष्ट्रात हा धागा पंडिता रमाबाईंपर्यंत जातो. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात माणसे किड्यामुंग्यांसारखी मरत होती. आजचा गोंदिया-भंडारा भाग तेव्हा मध्य प्रांतातच होता. रमाबाई १८९७ मध्ये मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार झालेल्या सुमारे ३०० मुली-बायांना पुणे भागात घेऊन आल्या. त्यांच्यासाठी दौंडजवळ केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. तिथे मुलींना लिहिणे-वाचणे, शेती, विणकाम, छपाई शिकवली गेली. आजच्या भाषेत त्या मुली दुष्काळाने विस्थापित झालेल्या होत्या.

शेजारच्या छत्तीसगडमध्ये धमतरीला मेनोनाइट मिशनचे काम १८९९ मध्ये दुष्काळी मदतीतूनच सुरू झाले. पुढे कॅनडात पहिला करार करणारा पंथ हाच.

दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे पोलंडच्या सुमारे पाच हजार निर्वासितांची छावणी होती. १९४३ ते १९४८ या काळात तिथे त्यांच्या शाळा, दवाखाना, नाट्यगृह आणि चर्च होते. निर्वासितांना अन्न आणि छप्पर एवढेच पुरत नाही. आपली भाषा बोलता येईल, आपला सण करता येईल, अशी जागाही लागते. वळिवड्यात ती मिळाली, म्हणून दोन-तीन पिढ्यांनंतरही पोलंडची माणसे कोल्हापूरला येऊन कृतज्ञता व्यक्त करतात.

आक्षेप आणि त्यांचा विचार

चर्चच्या कामाचे कौतुक करताना डोळे झाकून चालणार नाही.

पहिला आक्षेप धर्मांतराचा. मदतीच्या बदल्यात धर्म मागितला जातो, असा आरोप भारतात सतत होतो. दुष्काळात वाढलेल्या मुलींच्या धर्मांतरावरून रमाबाईंवरही त्या काळी टीका झाली. आपण आंबेडकरी लोक धर्मांतराच्या स्वातंत्र्याच्या बाजूचे आहोत. १४ ऑक्टोबर १९५६ हा आपला जन्मदिवस आहे. पण माणूस उपाशी असताना त्याच्यापुढे केलेली निवड ही मुक्त निवड नसते, हेही तितकेच खरे. म्हणून मदत आणि प्रचार यांच्यात स्पष्ट रेष हवी. आज अनेक मोठ्या ख्रिस्ती मदतसंस्था ‘मदत गरजेनुसार, धर्म न पाहता’ हा नियम लेखी स्वीकारतात.

दुसरा आक्षेप बाबासाहेबांचा आहे. भारतातील ख्रिस्ती मिशनांवर लिहिताना त्यांनी शिक्षण आणि आरोग्याच्या कामाची दखल घेतली. पण त्याचा लाभ अस्पृश्यांतून आलेल्या ख्रिस्ती लोकांपेक्षा वरच्या जातींनाच अधिक झाला आणि ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध लढ्यात उतरला नाही, असे त्यांनी परखडपणे दाखवले. दयाभावाने केलेली सेवा आणि हक्कासाठीचा लढा यांतला हा फरक आपण विसरू नये. पोळी-भाजी देणे आणि रेशनकार्ड मिळवून देणे, दोन्ही लागते.

तिसरा आक्षेप ‘आपल्या माणसांपुरती करुणा’ हा आहे. मिझोरामचे लोक आणि चिन लोक एकाच वंशाचे, एकाच धर्माचे. २०१५ मध्ये युरोपातल्या काही बिशपांनी मुस्लिम निर्वासितांना विरोध केला होता. पण या बाबतीत बौद्धांनीही आरशात पाहिले पाहिजे. बौद्धबहुल म्यानमारमधून २०१७ मध्ये सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले आणि त्यांच्याविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्यांत चीवर घातलेले भिक्षूही होते. मैत्रीची भावना धर्म पाहून द्यायची नसते, हे आपल्याकडच्या लहान मुलालाही शिकवले जाते. ते आचरणात आणणे मोठ्यांना जमलेले नाही.

बौद्ध समाजानेही निर्वासितपण भोगले आहे. चितगाव डोंगराळ भागातले चकमा हे बौद्ध. कप्ताई धरणाने त्यांच्या जमिनी बुडवल्या, छळ झाला आणि १९६४ मध्ये हजारो कुटुंबे भारतात आली. त्यांना आजच्या अरुणाचल प्रदेशात वसवले गेले. तिथे स्थानिक संघटनांनी त्यांना हाकलण्याची धमकी दिली, तेव्हा राष्ट्रीय मानवी हक्क आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९६ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की संविधानाच्या कलम २१ चे संरक्षण नागरिक नसलेल्या माणसालाही आहे. निर्वासितांच्या प्रश्नावर बोलणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला हा निकाल माहीत असावा. बाबासाहेबांच्या संविधानाने ‘व्यक्ती’ हा शब्द वापरला, त्याचा हा अर्थ आहे.

गोंदियातील आपले शेजारी

तिबेटी वसाहत. नोर्गेलिंग ही महाराष्ट्रातली तिबेटी लोकांची शेतकरी वसाहत आहे. कर्नाटकातील बायलकुप्पे किंवा छत्तीसगडमधील मैनपाट यांच्या मानाने ती लहान आहे. हिमालयाच्या थंडीतून आलेल्या लोकांनी विदर्भाच्या उन्हाळ्यात शेती उभी केली. वसाहतीत बुद्धविहार आहे, तिबेटी नववर्ष लोसार साजरे होते, ६ जुलैला दलाई लामांचा जन्मदिन होतो. पावसाळ्यात शेती आणि हिवाळ्यात शहरांत जाऊन स्वेटरचा व्यापार, असा अनेक तिबेटी कुटुंबांचा वर्षभराचा क्रम असतो. तरुण मुले शिक्षणासाठी आणि कामासाठी वसाहत सोडून जातात, ही चिंता देशातल्या सगळ्याच तिबेटी वसाहतींत आहे.

तिबेटी माणूस नोंदणी प्रमाणपत्रावर भारतात राहतो. परदेशात जाण्यासाठी त्याला पासपोर्टऐवजी ओळख प्रमाणपत्र मिळते. केंद्र सरकारने २०१४ मध्ये तिबेटी पुनर्वसन धोरण जाहीर केले. वसाहतीच्या जमिनीचे भाडेपट्टे आणि काही कल्याणकारी योजनांचा लाभ, हे त्यातले महत्त्वाचे मुद्दे. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेला तिबेटी जन्माने भारतीय नागरिक ठरतो, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात ‘बौद्ध’ हा शब्द आहे. पण तो पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांपुरता आहे. तिबेटी बौद्ध त्यात येत नाहीत. ‘या कायद्याने सगळ्या बौद्ध निर्वासितांना संरक्षण दिले’ असे कोणी म्हणाले, तर ही गोष्ट सांगता आली पाहिजे.

बंगाली गावे. पूर्व पाकिस्तानातून मध्य भारतात आलेल्या अनेक कुटुंबांचा पहिला मुक्काम रायपूरजवळच्या माना छावणीत होता. तिथून त्यांना दंडकारण्यात, तसेच आजच्या चंद्रपूर, गडचिरोली, गोंदियात पाठवले गेले. जंगल साफ करून त्यांनी धानाच्या बांध्या तयार केल्या. नमशूद्र समाज पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. त्यामुळे जातीय छळाचा वारसा घेऊन आलेल्या मुलांना इथे शिष्यवृत्ती नाही, आरक्षण नाही. जमिनीचे पूर्ण हक्क आणि जातीचे दाखले या त्यांच्या जुन्या मागण्या आहेत. सरकारनेच वसवलेल्या कुटुंबातल्या माणसाला कोणी ‘घुसखोर’ म्हणत असेल, तर त्याच्या बाजूने उभे राहणारे पहिले लोक आपण असायला हवेत.

जाणारे आणि येणारे मजूर. २०२० च्या टाळेबंदीत गोंदिया-देवरीहून छत्तीसगडकडे जाणाऱ्या महामार्गावरून मजुरांचे तांडे पायी जाताना सगळ्यांनी पाहिले. त्याच वेळी मिरची तोडणीला गेलेले पूर्व विदर्भातले मजूर तेलंगणात अडकले होते. आपल्या जिल्ह्यातला माणूस परगावी परका असतो आणि परगावचा माणूस आपल्याकडे. विहाराने दोघांचाही विचार करावा.

बौद्ध परंपरेत हे नवीन नाही

अतिसाराने आजारी पडलेल्या आणि कोणी विचारत नसलेल्या भिक्षूला भगवान बुद्धांनी आनंदासह स्वतःच्या हाताने धुतले आणि मग भिक्षुसंघाला कर्तव्याची जाणीव करून दिली, ही कथा विनयपिटकात आहे.

आधुनिक काळात तैवानची त्झू ची ही बौद्ध संस्था पाहावी. भिक्षुणी चेंग येन यांनी ती १९६६ मध्ये स्थापन केली. त्याआधी तीन कॅथलिक भगिनी त्यांना भेटल्या होत्या. ख्रिस्ती लोक शाळा आणि दवाखाने काढतात, बौद्ध का काढत नाहीत, असा त्यांचा सवाल होता. चेंग येन यांनी वाद घातला नाही. काही गृहिणींना रोज थोडे पैसे बांबूच्या पेटीत टाकायला सांगितले. आज ही संस्था अनेक देशांत काम करते. तुर्कस्तानात तिने मुस्लिम सीरियन निर्वासितांच्या मुलांची शाळा चालवली.

आपल्याकडे यासाठी लागणारा आधार बाबासाहेबांनीच दिला आहे. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात त्यांनी प्रत्येक बौद्धाने मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यावा, असे सांगितले होते. त्या विसाव्या हिश्श्यातला काही वाटा शेजारच्या निराधारासाठी ठेवणे, हेही धम्मकार्यच आहे.

विहारासाठी कार्यपद्धती

चर्चच्या अनुभवातून आणि आमच्या क्षेत्रातल्या कामातून आम्हाला व्यवहार्य वाटते ती पद्धत अशी :

१. समिती. पाच ते सात जणांची समिती करा. निम्म्या महिला असाव्यात. एक शिक्षक, एक आशा सेविका किंवा परिचारिका आणि कागदपत्रांची माहिती असलेला एक तरुण असेल तर काम सोपे होते.

२. आधी भेट, मग योजना. तिबेटी वसाहतीत किंवा बंगाली गावात आधी त्यांच्या प्रतिनिधींना भेटा. त्यांना काय हवे ते विचारा. कदाचित त्यांना धान्य नको असेल, मुलांना मराठीची शिकवणी हवी असेल.

३. लहान जबाबदारी, ठरलेली मुदत. एका वर्षासाठी एक कुटुंब किंवा एकच काम घ्या. ‘दर रविवारी दोन तास दहावीच्या मुलांचे वर्ग’ हे ‘निर्वासितांचे सक्षमीकरण’ या बॅनरपेक्षा उपयोगी आहे.

४. हिशेब. वेगळी वही, वेगळे खाते, दोन सह्या. दर पौर्णिमेला विहारात हिशेब वाचून दाखवा.

५. अट नाही. वंदनेला येण्याची, सभासद होण्याची, मत देण्याची कोणतीही अट नको. मदत घेणाऱ्याचा फोटो समाजमाध्यमावर टाकू नका.

६. देवाणघेवाण. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिबेटी भिक्षूंना बोलवा आणि लोसारला आपण जा. पंथ वेगळा आहे, पूजापद्धती वेगळी आहे. त्यावर चर्चा होऊ द्या. ६ डिसेंबरला नमशूद्र समाजातील वक्त्याला बोलवून बाबासाहेबांच्या बंगालमधील निवडणुकीचा इतिहास ऐका.

७. सर्वांसोबत काम. जिल्ह्यातील चर्च, गुरुद्वारा, मशीद, महिला बचत गट यांच्याशी बोला. त्यांना आधीपासून जे जमते ते शिकून घ्या.

कागदपत्रे आणि कायदा

परदेशी नागरिकाला राहायला जागा देताना नोंदणीचे नियम लागू होतात. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५ हा नवा कायदा लागू आहे. म्हणून अशा बाबतीत जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयातील परदेशी नोंदणी शाखेत आधी विचारा. मूळ कागदपत्रे कोणाकडूनही ताब्यात घेऊ नका, झेरॉक्स पुरे. खोटा दाखला मिळवून देण्याचा मोह टाळा. त्याचा फटका शेवटी त्या कुटुंबालाच बसतो.

स्थलांतरित मजुरांसाठी तीन गोष्टी लगेच करता येतात. ‘एक देश एक रेशनकार्ड’ योजनेत दुसऱ्या राज्यातही धान्य मिळते. ई-श्रम पोर्टलवर असंघटित कामगाराची नोंद होते. स्थलांतर करणाऱ्या मुलासाठी शाळेकडून शिक्षण हमी पत्रक मिळते, ते दुसऱ्या गावच्या शाळेत दाखवले की प्रवेश अडत नाही. दिवाळीनंतर मजूर बाहेर पडण्याआधी विहारात एक दिवसाचे शिबिर घेतले तर ही तिन्ही कामे होऊ शकतात.

शेवटी

आज जिल्ह्यातल्या जवळपास प्रत्येक बौद्ध वस्तीत विहार आहे. अनेक विहार वंदनेचा अर्धा तास सोडला तर दिवसभर बंद असतात. ज्या गोष्टींच्या आधारावर चर्चने हे काम उभे केले, म्हणजे जागा, नियमित जमणारी माणसे, वर्गणीची सवय आणि सेवेची शिकवण, त्या सगळ्या आपल्याकडे आहेत. कमी आहे ती ठरवून घेतलेल्या जबाबदारीची.

येत्या पौर्णिमेला आपल्या विहाराच्या बैठकीत हा विषय ठेवा. आपल्या गावापासून सगळ्यात जवळचे निर्वासित किंवा स्थलांतरित कुटुंब कोणते, त्याची आजची अडचण काय आणि त्यांच्याकडे पहिल्यांदा कोण जाणार, या तीन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहा आणि जाणाऱ्याचे नाव व तारीख तिथेच ठरवा.

जयभीम. नमो बुद्धाय.